आईचं तळं आणि बाबांचं बटण

घरात तिला शास्त्रज्ञबाई म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त. टोस्टर, गजराचं घड्याळ, बाबांचा वजनकाटा, सगळ्यांच्या पोटात तिचा स्क्रूड्रायव्हर जाऊन आला होता. त्यातले काही रुग्ण वाचलेही होते. शाळेच्या प्रदर्शनात पहिला नंबर आल्यापासून तर बाईसाहेबांना आकाश ठेंगणं झालं होतं.

म्हणून शनिवारी तिने टीव्हीखालच्या गेम कन्सोललाच हात घातला. तिने स्वतः एक गेम लिहिला होता. त्यात मुख्याध्यापक कोंबड्यांपासून पळतात. पण कन्सोल कंपनीने मान्य केलेलेच गेम चालवायचा. त्याची आतली सिस्टीम बदलली की तो कंपनीचं ऐकणं सोडून आपलं ऐकतो, असं तिने वाचलं होतं. सूचनांच्या डोक्यावरच लाल अक्षरांत होतं: आधी मेमरी कार्डावर बॅकअप घ्या. मध्येच वीज बंद करू नका. नंतर रडू नका.

कार्डावर तिच्या डान्सचे व्हिडिओ खच्चून भरले होते. ते पुसायचे? छे! बॅकअप भित्र्या लोकांनी घ्यावा.

पण त्याच कन्सोलमधल्या एका गेममध्ये आईचं गाव होतं. आई दिवसभर दाताच्या दवाखान्यात लोकांची तोंडं उघडी धरून उभी असायची. घरी आली की स्वतःचं तोंड मिटून गेममधल्या तळ्यावर बदकांना दाणे टाकत बसायची. चार वर्षं खपून तिने ते गाव वसवलं होतं.

तिने सिस्टीम बदलायला घेतली. टीव्हीचा पडदा काळा झाला आणि तळाशी एक बारीक पांढरी रेघ गोगलगायीसारखी सरकू लागली. शास्त्रज्ञबाई मैत्रिणीला फोनवर बढाया मारायला बाल्कनीत गेल्या. तेवढ्यात बाबा आले. मोकळी खोली आणि चालू बटण दिसलं की बाबांचा हात आपोआप उठतो.

टक्.

"बाबा!"

"काय बाबा? काळा पडदा बघायला वीज फुकट येते का?"

कन्सोल परत उठलाच नाही.

संध्याकाळी आईने विचारलं, "माझं तळं कुठाय?"

"अगं, मीच बटण बंद केलं," बाबा म्हणाले. "मेलं ते माझ्या हातून."

आई नुसती काळ्या पडद्याकडे बघत राहिली. शास्त्रज्ञबाईंनी पावाचा एवढा मोठा तुकडा तोंडात कोंबला, की खरं बोलायला जागाच उरली नाही.

रविवारी सकाळी ती उठली तर घरात लखलखाट. लख्ख उन्हात पॅसेजचा दिवा चालू, बाथरूमचा दिवा चालू, रिकाम्या खोलीत पंखा गरगरतोय.

"बाबा, दिवसाढवळ्या दिवे?"

"असू दे गं," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. "कशात काय चालू असतं, मला मेल्याला काय कळतंय?"

झालं! रागावले असते तर तिने वाद घातला असता, जिंकलीही असती. पण आयुष्यभर दिवे विझवणारा माणूस बटणाला घाबरतोय म्हणजे फारच झालं. तिने दोघांना सोफ्यावर बसवलं.

"बाबांची काही चूक नाही. मी कन्सोलमध्ये नसत्या उचापती करत होते. वीज चालू ठेवायची होती, ते कुणाला सांगितलं नाही. आणि बॅकअपही घेतला नाही. कार्डावर माझे डान्स होते."

"डान्स?" आईने विचारलं. "ते आरशासमोरचे?"

"हो."

"म्हणजे माझी बदकं गेली आणि ते राहिले?"

बाबा उठले. घरभर फिरले. टक्. टक्. टक्. टक्. परत येऊन बसले तेव्हा पोट भरल्यासारखे दिसत होते.

दुरुस्तीवाल्याने कन्सोल जिवंत केला, पण पाटी कोरी. "वॉरंटी विसरा," तो म्हणाला, "आणि पुन्हा असले प्रयोग केलेत तर कंपनी ऑनलाइनही उभं करणार नाही."

मुख्याध्यापक आणि कोंबड्या कॉम्प्युटरवरच राहिल्या. आता रोज संध्याकाळी आई चहा घेऊन सोफ्यावर बसते आणि शास्त्रज्ञबाई रिमोट हातात धरून तळं खणतात.

"आणखी खोल. बदकं पोहायला सोडायचीत, वाळत घालायची नाहीत."

"आई, माझी बोटं गेली!"

"माझं गाव गेलं. खण."

दारात बाबा बटणावर बोट ठेवून उभे असतात. "शास्त्रज्ञबाई, करू का बंद?"

"थांबा! आधी बॅकअप!"

कार्डावर आता भरपूर जागा आहे. डान्स तिने स्वतःच पुसले. एक सोडून. तो खरंच भारी झाला होता.