रेडगमखालचं टेबल

चौथा फुगा बांधताना ग्लेनिसच्या हातून दोरा सुटला आणि ती अशी दचकली, की फांदीच अंगावर आली असं वाटावं. फुगा घरंगळत टेबलाखाली गेला. तो काढायला वाकावं लागणार, म्हणजे वर काय चाललंय ते दिसणार नाही. तिने थोडा विचार केला आणि फुगा तिथेच सोडला. तीन फुगे पुरे झाले.

लिंबांची चित्रं असलेलं निळं मेणकापड पसरून झालं होतं. बर्फाची रिकामी पेटीही बाकावर ठेवून झाली होती. नुकतं उजाडत होतं, नदीपलीकडे काकाकुव्यांनी ओरडायला सुरुवात केली होती. ती जवळजवळ पळतच झाडाच्या घेराबाहेर आली आणि मगच मागे वळून पाहिलं. रेडगम होता तिथेच होता. निलगिरीच्या कुळातलं हे म्हातारं झाड गावाच्याही आधीचं. त्याची एक आडवी फांदी, दोन माणसांच्या कवेत न मावणारी, बरोबर टेबलावर छत धरल्यासारखी पसरली होती.

त्या गावात एक अलिखित कायदा होता. सुट्टीच्या दिवशी पार्कातल्या टेबलावर कापड आणि दोन-चार फुगे दिसले, की ती जागा गेली. मग ज्याने धरली तो दुपारी उगवो नाहीतर संध्याकाळी, दुसरं कुणी तिथे बूड टेकत नसे. लोक एकमेकांची बायको पळवतील, पण धरलेलं टेबल नाही, असं गावात गमतीने म्हणत. रेडगमखालच्या टेबलाला तर मागणी फार. तिथे गारवा, समोर नदी, शेजारी मांस भाजायची विजेची शेगडी. तिकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा; अशा उन्हात दुसरीकडे बसायचं म्हणजे माणसानेच भाजून निघायचं.

आणि हाच कायदा ग्लेनिसच्या कामी आला होता. दर शनिवार-रविवारी पहाटे येऊन ती कुणाच्याही नसलेल्या वाढदिवसासाठी टेबल धरून ठेवत होती. तिथे कुणी बसू नये, एवढ्याचसाठी.

ग्लेनिस टोन्किन नगरपालिकेच्या उद्यान खात्यात कामाला होती. गवत कापायचं, शेगड्या घासायच्या, झोपाळ्यांच्या साखळ्यांना तेल द्यायचं. तिच्या जोडीला कित्येक वर्षं डेस होता. गेल्या नोव्हेंबरात नदीच्या वरच्या अंगाला काम करून दोघं दुपारचं खायला थांबली. डेस एका रेडगमखाली घडीची खुर्ची टाकून बसला. ग्लेनिस ट्रकमधून पाणी आणायला गेली. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. ही झाडं तशीच असतात, भर उन्हात, सगळं शांत असताना फांदी सोडतात. आवाज झाला आणि ती वळली, तेव्हा खुर्ची दिसत नव्हती.

त्या दिवसापासून तिने धसका घेतला होता. झाडाखालचं गवत कापताना हात यंत्रावर घट्ट आणि डोळे वर असायचे. पण हे ती कुणापाशी बोलली नाही. बोलणार तरी कसं? डेस गेल्यावर गावाने सभा भरवली होती. नदीकाठची सगळी जुनी झाडं छाटून टाका, असं बरेच जण म्हणत होते. त्या सभेत ग्लेनिस उठली आणि म्हणाली, की झाडाचा काही दोष नाही, डेस असता तर त्याने एका फांदीलाही हात लावू दिला नसता. लोक रडले. झाडं वाचली. नगरपालिकेने झाडांचा जाणकार बोलावला, त्याने पार्कातलं हे झाडही ठोकून-बडवून पाहिलं आणि धडधाकट आहे असं सांगितलं. आता त्याच झाडाची आपल्याला भीती वाटते म्हणायचं, तर कुठल्या तोंडाने? शिवाय घाबरलेल्या माणसाला बाहेरच्या कामावर कोण ठेवतं, ही धास्ती वेगळीच.

असे आठवडे गेले. ही कुणाची पार्टी, जी कधी येतच नाही, अशी कुजबुज सुरू झाली. शेगडीवर सॉसेज भाजणारे पुरुष म्हणत, भुतांचा वाढदिवस असेल. ग्लेनिस ऐकून हसायची आणि घरी जाऊन अंथरुणावर बसून राहायची.

त्या रविवारी तिच्या नातीचा, विनीचा वाढदिवस होता. तो घरीच करायचा, अंगणात पाण्याचा फवारा लावून, असं लेकीने, केरिनने, केव्हाचं ठरवलं होतं. म्हणून ग्लेनिस निर्धास्त होती. पहाटे टेबल धरून आली, सकाळभर केक करत बसली आणि दुपारी तो घेऊन लेकीकडे गेली. दाराला कुलूप. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, सगळे पार्कात गेले की, तुम्ही जागा धरलीय ना त्यांच्यासाठी.

ग्लेनिसला आधी कळलंच नाही. मग तिने केकचा डबा गाडीत टाकला आणि पार्काकडे निघाली.

केरिनची काही चूक नव्हती. एरवी ती त्या रस्त्याने जात नसे, पण सकाळी बर्फ आणायला जाताना तिला रेडगमखाली आईचं लिंबांचं मेणकापड दिसलं, वर फुगे. त्या गावातल्या कुठल्याही लेकीने जे समजलं असतं, तेच ती समजली. आईने न सांगता सगळ्यांत चांगली जागा धरली. तिने लगेच सगळ्यांना फोन केले, आईला सोडून; जागा तर तिनेच धरली होती.

ग्लेनिस पार्कात पोचली तेव्हा पान हलत नव्हतं. काकाकुवेसुद्धा गप्प होते. टेबलाभोवती मुलंच मुलं, हातात लोणी लावून साखरेचे रंगीत दाणे पेरलेले पावाचे तुकडे. विनी बरोबर फांदीखाली बसली होती, डोक्यावर कागदाचा मुकुट. ग्लेनिसचे पाय सावलीच्या कडेला येऊन थांबले. पुढे पडेनात.

"आली बघा आजी!" केरिन हात हलवत ओरडली. "अगं आई, ये ना, तिथे उन्हात काय उभी? केक वितळेल."

वर कुठेतरी सालपट सुटल्याचा बारीक आवाज झाला. रेडगमची साल उन्हाळ्यात सुटतेच, हे ग्लेनिसला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असून काय उपयोग, भीतीला अक्कल नसते. तिच्या हातातला डबा खाली पडला. ती थेट आत शिरली, विनीला काखोटीला मारलं आणि दुसऱ्या हाताने जे पोर सापडेल त्याची कॉलर धरून ओढू लागली.

"आई! अगं काय करतेस? वेड लागलं का तुला?"

"बाहेर. सगळे बाहेर. केरिन, पोरांना बाहेर काढ."

"पण जागा तूच धरलीस ना?"

"कुणी बसू नये म्हणून धरली होती," ग्लेनिस म्हणाली. "दर आठवड्याला धरते. मला भीती वाटते गं या झाडाची. डेस गेल्यापासून भीती वाटते. रात्री झोप नाही मला."

पोरांच्या आयांनी एकमेकींकडे पाहिलं. शेगडीपाशी एकजण फिस्सकन हसला आणि मग खाली बघू लागला. केरिन आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने टेबलाचं एक टोक धरलं. टेबल जमिनीत गाडलेलं होतं, हललं नाही. तेव्हा तिने नुसतं मेणकापड गोळा केलं, खाण्यासकट, आणि उन्हात नेऊन गवतावर पसरलं. पोरं मागोमाग गेली. लोणी वितळलं, दाण्यांचे रंग बोटांना लागले, दोघं-तिघं उन्हाने रडली. विनीने मोडलेल्या केकवरच्या मेणबत्त्या फुंकल्या.

फांदी पडली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

ग्लेनिसने तिथूनच रसला, खात्यातल्या साहेबाला, फोन लावला. सुट्टीच्या दिवशी तो कुठेतरी मासे धरत बसला होता.

"ग्लेन, भर सभेत तूच बोललीस ना झाडांसाठी?"

"बोलले. आता हे बोलतेय. कुंपण घाल."

"जाणकार म्हणाला, झाड ठणठणीत आहे."

"असेल. मी नाही."

रसने गळ बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आधी सांगायचंस गं बाई."

आठवडाभरात फांदीच्या घेराएवढं कुंपण उभं राहिलं. गावाने यथेच्छ तोंडसुख घेतलं. चांगली जागा एका बाईच्या मनाच्या खेळापायी गेली, असं दुकानात तिच्या कानांवर येईल एवढ्या मोठ्याने बोलणारेही होते. रसने तिला कामावरून हलवलं नाही, फक्त नदीकाठचं गवत दुसऱ्याकडे दिलं. तिला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. डेसच्या नावावर झाडं वाचवून आता त्याच्या बायकोला तोंड कसं दाखवायचं, हे तर तिला अजून सुचलेलं नव्हतं.

पण सावलीला कुंपण कोण घालणार? ऊन कललं की रेडगमची सावली तारेबाहेर लांबवर यायची, आणि गावाने ते पहिल्याच रविवारी हेरलं. संध्याकाळच्या आत तिथे खुर्च्यांची रांग लागली. सावली सरकेल तशी लोक खुर्च्या सरकवत, त्यावरून भांडतही. विनीने आजीसाठी एक खुर्ची धरून ठेवली होती.

"इथे फांदी नाही पडत, आजी. बाबांनी मोजलंय."

ग्लेनिसने खुर्ची थोडी मागे ओढली आणि बसली. डोकं उन्हात, पाय सावलीच्या कडेशी. समोर गवतावर त्या आडव्या फांदीची सावली सावकाश पुढे येत होती. ती तिच्या बुटांवर चढली, मग घोट्यांवर. ग्लेनिसने खुर्चीचे हात घट्ट धरले, पण पाय मागे घेतले नाहीत.