ईज भाळली पायाळू पोरीवर

वालूरच्या आश्रुबानं ते गाणं केलं लेकीची भीती घालवायला, आणि तिथंच त्यानं माती खाल्ली.

तानू जन्मली पायाकडून. पायाळू माणसावर ईज पडती, असं सगळा मुलूख मानतो. आभाळ गडगडलं की तिची आई बायनाबाई लेकीला घरात कोंडायची आणि पोर कोपऱ्यात लटलट कापायची. बापाचं काळीज तुटायचं. भजनात, लग्नात गाणारा गोड गळ्याचा माणूस; त्यानं गाणंच रचलं. ईज काही वैरीण नाही, ती वालूरच्या पायाळू पोरीवर भाळली, म्हणून एवढी नटून खाली वाकून बघती. तानू खुदकन हसली. मग कडकडाट झाला की बापलेक मिळून गाणं म्हणायचे.

एवढ्यावर थांबावं की नाही? पण परभणीच्या एका दुकानदारानं ते कॅसेटात भरलं. झालं! जिंतूरच्या स्टँडवर तेच, टेम्पोत तेच, वरातीत बँडवालेही तेच. आश्रुबा आधी फुगला. तानू लग्नाला आली तेव्हा त्याचे डोळे उघडले. पोर पायाळू असली तर आईबाप ते पोटात ठेवतात, आणि या शहाण्यानं गावाच्या नावासकट भोंग्यावर सांगितलं होतं. स्थळं वेशीवरूनच परत जायला लागली. तो परभणीच्या त्या दुकानदाराच्या पाया पडला. मी विकायचं बंद करीन, पण लोकांच्या तोंडाला काय लावू, असं दुकानदार म्हणाला.

चैतात देवगाव फाट्याकडचे दिनकरराव मुलासाठी तानूला बघायला आले. एसटीच्या दणक्यानं त्यांच्या कंबरेत उसण भरलेली. तरी पोर पसंत पडली, सुपारीची बोलणी निघाली. चहा पिता पिता त्यांनी कौतुकानं विचारलं, फाट्यावरच्या हॉटेलात दिवसभर वाजतं ते गाणं तुमचंच ना? मग त्या पोरीला बोलवा की. पायाळूचा पाय लागला की उसण पळती.

बायनाबाई पांढरीफटक पडली. आश्रुबानं घाईनं सांगून टाकलं.

"गाणंच ते, पाव्हणं. मनानं रचलेलं. तसली पोर न्हाई गावात."

दाराआड उभ्या तानूनं ते ऐकलं. ती बाहेर आली, दिनकररावांना पालथं पडायला सांगितलं आणि त्यांच्या कंबरेवर अलगद पाय टेकवला.

उसण खरंच गेली, मेली. दिनकरराव ताठ उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोरीत काडीची खोट न्हाई," ते हात जोडून म्हणाले. "पण आमचं बिऱ्हाड शेतातल्या आखाड्यावर, उघड्या रानात. जाणूनबुजून कसं न्यावं?"

पाव्हणे गेले. आश्रुबा लेकीवर उखडला, मग रडला. तुझ्यासाठीच खोटं बोललो, गप बसायचं होतंस, म्हणाला. तानूनं शांतपणे विचारलं, गाणंच खोटं म्हटल्यावर माझ्याजवळ राहिलं काय?

संध्याकाळी अवकाळी आभाळ भरून आलं. पहिला कडकडाट झाला तशी तानू अंगणात जाऊन उभी राहिली. आईबाप हाताला धरून ओढत होते, पण ती हलली नाही. वर तोंड करून ती गाणं म्हणत होती, सगळंच्या सगळं. ईज लखलखली आणि लांब कुठंतरी रानात जाऊन पडली. मग पाऊस सरला, आभाळ निवळलं.

ओलीचिंब तानू बापापुढं येऊन उभी राहिली.

"न्हाई भाळली, आबा," ती म्हणाली. "तिलाबी मी नको."