मातीच्या मडक्यातला मोक्ष

"निघाली, निघाली!" असा एकच गलका झाला आणि मावशीच्या दिवाणखान्यातली सगळी मंडळी काचेच्या बरणीवर तुटून पडली. बरणीत सुपारीएवढं मातीचं मडकं होतं. ते कोरून एक कुंभारीण माशी ऐटीत बाहेर आली. निम्म्यांनी हात जोडले, उरलेल्यांनी मोबाइल काढले.

"गेल्या महिन्यात या मडक्यात काय जाताना पाहिलंत?" मावशीचे नवे गुरू गुंजनबाबा यांनी विचारलं.

"हिरवी अळी!"

"माशीने गुणगुण केली, अळीने ध्यान केलं, अळीची माशी झाली! तुम्हीही खोलीत बंद व्हा, अन्न सोडा, औषध सोडा, माझी गुणगुण ऐका. रोगी देह गळून पडेल!"

बाबा स्वतः अन्न सोडायला विसरले होते. मघाशीच दोनदा वाढून घेतलं. मावशीने मात्र मनावर घेतलं. मधुमेहाची बाई, इन्शुलिन बंद करून कालपासून आतल्या खोलीत कडी लावून बसलेली. दाराला बाबांचा स्पीकर टेकवलेला. मी चार हाका मारल्या की आतून एक हुंकार यायचा.

तेवढ्यात वहिनी, म्हणजे मावशीची सून, शाळेच्या दोन दिवसांच्या सहलीवरून परतली. ती विज्ञान शिकवते. तिने आधी स्पीकर बंद केला. मग खिडकीच्या चौकटीवरची तसलीच दोन मडकी खरवडून ताटलीत घेतली.

"सूनबाई, पाप लागेल!" बाबा ओरडले.

"लागू दे. आधी भिंग लागेल."

तिने पिशवीतून भिंग काढलं आणि मडकी फोडली. पहिल्या मडक्यात अळ्या खच्चून भरलेल्या, जिवंत पण लुळ्या. वर धाग्याला लटकलेलं एक अंडं.

"माशीने डंख मारून लुळ्या केल्यात," वहिनी म्हणाली. "कसलं ध्यान न् कसलं काय!"

दुसऱ्यात एक गुबगुबीत फिकट किडा अळीत तोंड खुपसून जेवत होता.

"हे माशीचं पिल्लू. या अळ्या म्हणजे आईने भरून दिलेला डबा. पिल्लाची माशी होते. अळीचा फडशा पडतो."

"ही माशी नास्तिक असेल," बाबा पुटपुटले.

वहिनीने दार ठोठावलं. "आई, ऐकलंत ना? उघडा, आणि स्वतः बघा."

बऱ्याच वेळाने कडी निघाली. मावशी भिंत धरून उभी, चेहरा पांढराफटक. तिने भिंगातून पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं.

"मेल्या, मी डबा होय रे तुझा?" आणि खाली बसत म्हणाली, "सूनबाई, आधी साखर तपास गं."

मंडळी, देवाला माना, नका मानू, तुमची मर्जी. पण चालू औषध बंद करायला सांगणाऱ्याला दार दाखवा आणि डॉक्टरला फोन करा. एवढ्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही.