उकंडराव गुरुजींनी सांगितलेली वेळ

रोहिणखेडची जुनी मशीद पाहायला वर्षाकाठी दहा-बारा माणसं येत, आणि गावातलं कोणीही त्यांना उकंडराव गुरुजींचं घर दाखवी. शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुजी मुद्दाम फारसी शिकले होते, भिंतीवरचा लेख पाहुण्यांना वाचून दाखवता यावा म्हणून. बायको, गोजरबाई, होती तेव्हा पाहुण्यांना घरी चहा होई. ती गेल्यापासून पाहुणे मशिदीवरूनच परत फिरत आणि गुरुजी एकटे घरी येऊन कुलूप काढत.

बुलढाण्याहून पूनम आणि तिचा नवरा गोपाल आले ते दिवाळीनंतर. पूनम कॉलेजात इतिहास शिकवायची. तिने लेखातली अक्षरं वहीत उतरवून घेतली, कमानीखाली बसून प्रश्नांवर प्रश्न विचारले. इतकं ऐकून घेणारं माणूस गुरुजींना फार दिवसांत भेटलं नव्हतं. तीन वाजले तेव्हा तिने शेवटच्या बसची वेळ विचारली. बस साडेतीनला होती.

“साडेपाचले हाये,” गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी वेशीजवळचे कोरीव दगड दाखवले, जुनी विहीर दाखवली आणि दोघांना घरी नेलं. चहा स्वतः केला, साखर जरा जास्तच पडली. बोलता बोलता पूनम म्हणाली, आपली वर्षभराची छकुली शेजारणीपाशी ठेवली आहे, संध्याकाळ झाली की ती कोणालाच आवरत नाही.

गुरुजींच्या हातातली बशी तशीच राहिली.

“बस गेली, बाई. मले ठाऊक होतं.”

“मंग काऊन सांगतलं असं?” पूनमने विचारलं.

“तुमी जाऊ नये वाटलं.”

पूनम वही उचलून उठली. गुरुजी चप्पल न घालताच गावातल्या जीपवाल्या रामच्या घरी धावले आणि त्याला जीपसकट घेऊन आले. गोपालने जाताना हात जोडले. पूनमने मागे वळून पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. लेखातली तिसरी ओळ लागत नव्हती. गुरुजींनी शब्द फोडून सांगितले, तिने लिहून घेतले. त्या दिवसाबद्दल ती बोलली नाही. गुरुजींनी छकुली कशी आहे विचारायला तोंड उघडलं, तोवर तिने आभार मानून फोन ठेवला होता.