फुग्यावरची दाढी

"घड्याळवाल्यांना बोलावू नका. खुर्चीत मीच बसतो," मुलगा म्हणाला आणि बसलासुद्धा. बापाला हो-नाही करायला त्याने सवडच ठेवली नाही. दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, शटर अर्धं खाली ओढलेलं. आरशासमोरच्या फळीवर उघडा वस्तरा होता आणि दोघंही तो सोडून बाकी सगळीकडे बघत होते.

ठरलं होतं ते सकाळीच. दाढी बिनओरखड्याची झाली, तर दुकानातली दुसरी खुर्ची उद्यापासून पुन्हा बापाची. रक्ताचा थेंब जरी दिसला, तरी खुर्ची विकायची आणि बापाने वस्तऱ्याचं नाव काढायचं नाही. समोरचे घड्याळवाले जुने दोस्त, ते खुशीने गळा पुढे करायला तयार होते. पण ऐनवेळी मुलाचा धीर सुटला. परक्या माणसाच्या जिवाशी हा खेळ त्याला बघवला नसता.

गेल्या वर्षी बापाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय लवकर ताळ्यावर आला, हात मात्र रुसून बसला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेलं सगळं त्याने इमानेइतबारे केलं. ओला स्पंज पिळला, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला टेकवला, ताटातले वाटाणे चिमटीने उचलून वाटीत टाकले, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावले आणि काढले. सदऱ्याचं बटण त्याने पहिल्यांदा स्वतः लावलं, तेव्हा आई आत जाऊन रडून आली. पण सदऱ्याची बटणं लावून न्हाव्याचं समाधान थोडंच होणार? मग त्याने फुगे आणले. फुग्याला फेस लावायचा आणि तो वस्तऱ्याने अलगद उतरवायचा, नवशिक्याला शिकवतात तसा. सुरुवातीला घरात सारखे बार उडत. शेजारीण विचारायची, तुमच्याकडे रोज वाढदिवस असतो तरी कुणाचा? हळूहळू बार कमी झाले. परवा त्याने एकही फुगा फोडला नाही आणि येऊन मुलासमोर नुसता उभा राहिला.

मुलाला आनंद व्हायला हवा होता. वाटली ती भीती. फुगा फुटला तर हसता तरी येतं. त्याने हे बोलून दाखवलं, शब्दाने शब्द वाढला, आणि आज ही वेळ आली.

बापाने त्याच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं, गाठ जरा हळूच बसली, पण नीट बसली. ब्रश फिरला, फेस चढला. डाव्या हाताने गालाची कातडी ताणून त्याने वस्तरा टेकवला. मुलाने आरशात त्या हाताकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. खरखर करत एक गाल उतरला. मग दुसरा. ओठावरची अवघड जागासुद्धा झाली. हात संथ होता, पण पक्का होता. कापडाखाली मुलाने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट आवळून धरले होते.

बापाने दोन बोटांनी त्याची हनुवटी वर केली. आता छताशिवाय काही दिसत नव्हतं. पातं कानाखाली टेकलं, खाली सरकलं, उचललं गेलं. पुन्हा टेकलं. गळ्याच्या मधोमध येऊन ते थांबलं, आणि मग थांबलेलंच राहिलं.

"श्वास घे," बाप म्हणाला.

"घेतोय."

"नाही घेत. मघापासून बघतोय मी."

त्याने वस्तरा बाजूला घेतला. हात थरथरला का, असं विचारलं. मुलगा नाही म्हणाला. कुठे लागलं का? नाही, कुठेच नाही, आणि ते अगदी खरं होतं. मुलगा घाईघाईने म्हणाला की थोडंच राहिलंय, तेवढं उरका, खुर्ची तुमचीच. बापाने पातं टॉवेलला पुसलं आणि वस्तरा मिटला.

"गिऱ्हाईक श्वास रोखून बसलं, तर ती दाढी नव्हे. माझ्या हाताखाली माणसं झोपायची रे. तू पोटचा पोर असून घाबरलास, मग परका कसा टेकेल?"

"बाबा, मी उगाच घाबरलो. हात चांगला आहे तुमचा."

"ठाऊक आहे मला," बाप म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मुलाला तेच जास्त लागलं. "ऊठ. वाढलीय माझीसुद्धा, तूच कर आता."

मुलाने अर्ध्या गळ्यावरचा फेस तसाच पुसून टाकला. बाप खुर्चीत बसला, पाय लांब केले, उजवा हात मांडीवर ठेवला आणि न सांगताच मान मागे टाकली. मुलाने फेस लावला. एक गाल झाला. दुसऱ्या गालाकडे वळेपर्यंत बापाचा जबडा सैल पडला होता. तो झोपला होता.

मुलाने वस्तरा गळ्याशी नेला. बापाचा श्वास एका लयीत चालला होता. मुलाला भडभडून आलं. डोळे भरलेले असताना पातं चालवायचं नसतं, म्हणून तो तसाच उभा राहिला, आणि गळ्यावरचा फेस हळूहळू वाळत गेला.