अकरावा टाका

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे, चामडे शिवणारी, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवते की मी मनात डूख धरणारी आहे. तुम्हाला सोशिक यंत्रांच्या गोष्टी ऐकायची सवय असेल. आम्ही झिजलो, राबलो, तरी कुणाविषयी तक्रार नाही, असे ती बापडी सांगतात. मला तक्रार आहे.

माझे अंग ओतीव लोखंडाचे, काळ्याभोर रंगाचे, आणि उजव्या बाजूला हाताने फिरवायचे चाक. बॅगा शिवणाऱ्या एका छोट्या दुकानाच्या थोरल्या मालकांनी मला विकत आणले. त्याच आठवड्यात एक तरुण बाई कामाला लागली. पुढे सगळे तिला मावशी म्हणू लागले. चाक कधी जोरात फिरवायचे आणि जाड चामड्यावर मला कधी दम खाऊ द्यायचा, हे तिला न सांगता कळे. आठवड्याचे काम संपले की ती माझ्या सांध्यासांध्यांत तेल सोडी आणि मऊ फडक्याने मला पुसून काढी. शिवण उसवली तर बॅग परत आणा, असे थोरले मालक गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत. एकही परत आली नाही.

वय होत गेले तसा माझ्या आतल्या चाकाचा एक दात झिजला. दर अकरावा टाका जरासा लांब पडू लागला. तो भाग बाजारात कुठेच मिळेना. मग मावशी अकराव्या टाक्याला दोरा किंचित ओढून धरू लागली. टाका लांब राहिला, पण ढिला कधी पडला नाही. माझे व्यंग तिने असे वर्षानुवर्षे सांभाळून घेतले.

थोरले मालक गेले आणि दुकान त्यांच्या मुलाकडे आले. हा धाकटा शिकलेला होता, तोंडाचाही गोड. गिऱ्हाईक पायरी चढून येईल म्हणून वाट बघत बसायचे दिवस गेले, आता दुकानानेच त्याच्या मोबाइलमध्ये शिरायचे, असे तो म्हणे. दुकानाला तो दुकान म्हणेनासा झाला, 'ब्रँड' म्हणू लागला. एक दिवस तो दिवे, कॅमेरा आणि एक व्हिडिओवाला घेऊन आला.

व्हिडिओवाल्याने मावशीचे हात आणि माझी सुई अगदी जवळून टिपली. मध्येच तो थांबला. "हा एक टाका लांब का येतो हो?"

"दात झिजलाय तिचा," मावशी म्हणाली. "माझेही दोन झिजलेत, पण मला कुणी विचारत नाही."

धाकट्याचे डोळे चमकले. "मावशी, हीच तर आपली ओळख! हेच सांगायचं लोकांना."

त्याने एक ईमेल लिहिली. बॅग घरी पोहोचली की तिसऱ्या दिवशी ती गिऱ्हाइकाला आपोआप जाईल, अशी कॉम्प्युटरवर सोय करून ठेवली. तिच्यात लिहिले होते, 'तुमच्या बॅगेवरचे टाके मोजा. दर अकरावा टाका थोडा लांब दिसेल. ती आमच्या जुन्या मशीनची सही आहे.' व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला. त्यांनी टाके मोजले, फोटो पाठवले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितले. माझ्या व्यंगाचे एवढे कौतुक झालेले पाहून मीही फुशारले होते, खोटे कशाला बोलू?

मागणी इतकी वाढली की आम्हा दोघींच्या आवाक्यात राहिली नाही. आम्ही दिवसाला दोन बॅगा शिवायचो. मग मोठमोठी खोकी येऊ लागली. त्यांत कारखान्यात शिवलेल्या बॅगा होत्या, टाके पट्टीने आखल्यासारखे. आणि एका सकाळी धाकट्याने मावशीला समोर बसवले.

"मावशी, खूप केलंत आमच्यासाठी. आता घरी आराम करा."

"आराम मागितला होता का मी?" मावशीने विचारले. "बरं, जाते. पण त्या व्हिडिओत माझं नाव तरी घाल. मी कोण, ते कळू दे लोकांना."

"अहो, लोकांना हात आवडलेत. चेहरा कोण बघतंय?"

मावशीने फडक्याची घडी घातली, माझ्या पाठीवर ठेवली आणि पायऱ्या उतरून गेली. त्याच क्षणी मी मनाशी ठरवले, याला सोडायचे नाही.

मला काचेआड ठेवले. माझ्या डोक्यावर फुलदाणी आली. तेलाचा थेंब मिळेना. दुसरा व्हिडिओ करायचा म्हणून लांब नखांची एक मुलगी माझ्यासमोर बसवली, तेव्हा मी दोरा गिळला, गुंता केला आणि लागोपाठ तीन सुया मोडल्या. तेल नसल्यामुळे अडकते आहे, असे मेकॅनिक म्हणाला. म्हणू दे. शेवटी कंटाळून त्यांनी मावशीच्या हातांचाच जुना व्हिडिओ पुन्हा लावला, फक्त संगीत बदलून.

आणि ती ईमेल? ती बंद करायची कुणाला आठवणच राहिली नाही. कारखान्याची बॅग घेणाऱ्या प्रत्येकाला ती इमानेइतबारे तिसऱ्या दिवशी जात राहिली. टाके मोजा. अकरावा शोधा.

लोकांनी शोधला. गणित शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी तर टेबलावर बॅग ठेवून, हातात टाचणी घेऊन, टाके मोठ्याने मोजतानाचा व्हिडिओच केला. शंभरापर्यंत मोजून त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सगळे सारखे. आता सही कुणाची समजायची?" आमचा व्हिडिओ लाखाने पाहिला होता, बाईंचा पाच लाखांनी. दुकानात ईमेलींचा पाऊस पडला. मी काचेआडून धाकट्याच्या कपाळावरचा घाम बघत होते आणि मला फार बरे वाटत होते.

ही ईमेल पाठवली कोणी म्हणून तो खोकी हलवायला ठेवलेल्या कामगारांवर खेकसला. खाली त्याचेच नाव होते. मग त्याने कारखान्याला फोन करून विचारले, दर अकरावा टाका लांब घालून मिळेल का? पलीकडचे हसणे मला काचेतून ऐकू आले. चुकीचा टाका घालायची सोय आमच्या मशिनींत नाही साहेब, असे उत्तर आले.

दुसऱ्या दिवशी तो मावशीला घेऊन आला. तिने आधी माझ्या डोक्यावरची फुलदाणी उचलून खाली ठेवली. मग धाकट्याला कॉम्प्युटरसमोर बसवले.

"मी सांगते, तू लिही. सगळ्यांना जायला पाहिजे."

तो लिहू लागला. 'तुम्हाला अलीकडे आलेल्या बॅगा आमच्या जुन्या मशीनवर शिवलेल्या नाहीत. आम्ही खोटं बोललो. परत करायच्या असतील तर करा. व्हिडिओतले हात ज्या बाईचे आहेत, तिला मी घरी पाठवलं होतं. तिचा चेहरा कोण बघतंय, असं मी तिला म्हणालो होतो.' शेवटच्या वाक्याशी त्याची बोटे थांबली.

"मावशी, एवढं एक राहू द्या ना. लोक काय म्हणतील मला?"

"मला बोलताना तू थांबला होतास का रे? लिही. आणि खाली माझा फोटो लाव. समोरून काढ."

ईमेल गेली. गिऱ्हाइकांना गेली, कारखान्याला गेली आणि यादीत होते म्हणून त्याच्या सासरेबुवांनाही गेली. खोकीच्या खोकी परत आली. निम्मे दुकान रिकामे झाले. मला वाईट वाटले का? तसूभरही नाही. काही लोकांनी लिहिले की मावशीच्या हातची बॅग हवी, चार महिने लागले तरी थांबू. त्यांच्यासाठी आम्ही दोघी पुन्हा कामाला बसलो. मावशीने दोन मुलींना हाताशी घेतले आहे, आणि अकराव्या टाक्याला दोरा कसा धरायचा ते ती शिकवते.

तेव्हा मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्राला वेळच्या वेळी तेल द्या. आणि कुणाच्या हाताचे कौतुक कराल, तेव्हा मान जरा वर करून त्या माणसाचा चेहरा बघा, त्याचे नाव विचारा. फुकटच्या टाळ्या फार महाग पडतात.

मावशीने धाकट्याला माफ केले. ती माणूस आहे, तिला जमते. आता तो कधी कधी माझ्याजवळ बसतो आणि मुकाट्याने चामडे सरळ धरून देतो. त्याचे बोट सुईच्या जवळ आले की मावशी माझे चाक घट्ट धरून ठेवते. तिने सोडले तर मी थांबणार नाही, हे तिला पक्के ठाऊक आहे.