घोंगडीतला माणूस

ग्वेल्फच्या युनिव्हर्सिटीतून रिटायर झाल्यावर राजनना एचिंग्ज जमवायचा नाद लागला. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेली ही चित्रं जुन्या स्पॅनिश विनोदी कथांमधली होती. खिडकीत अडकलेला लठ्ठ पाद्री, डुकरावर उलटा बसलेला नवरदेव, सराईतल्या लोकांनी घोंगडीत घालून उंच उडवलेला नोकर. बेसमेंटच्या भिंतींवर जिकडे तिकडे हसणारी तोंडं.

“काय दात काढताहेत मेले!” त्यांची बायको उमा म्हणायची. मग राजन आणखीच हसायचे.

स्ट्रोकनंतर त्यांचं बोलणं गेलं, हसणंही गेलं. काठी टेकत घरात फिरायचे, पण तोंडून शब्द नाही.

मार्चमधल्या एका सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून उमा आत आली, तर खालून हसणं ऐकू आलं. राजनच! घोंगडीच्या चित्रासमोर उभे राहून पोट धरून हसत होते. उमाने जिन्यातूनच लेकीला फोन लावला.

“ईरा, ऐक, बाबा हसताहेत!”

“ओ माय गॉड, आई!” ईरा रडायलाच लागली.

फोन ठेवून उमा जवळ गेली, आणि तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. पाद्र्याभोवतीची माणसं हसत नव्हती. नवरदेवाभोवतीचीही नाही. सगळ्यांची तोंडं मिटलेली, जणू पहिल्यापासून तशीच कोरलेली.

“अहो, पुरे आता. वर चला.”

राजन थांबेनात. धाप लागली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी हसू आवरेना. त्यांची नजर मात्र घाबरलेली होती. काठी हातातून पडली. त्यांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या, मग चवडेही.

“उमा,” कितीतरी महिन्यांनी त्यांना शब्द फुटला. “खाली घे मला.”

उमाने चित्राकडे पाहिलं. घोंगडी ताणलेली होती. भोवतीचे सगळे माना वर करून बघत होते. वर कुणीच नव्हतं.

तिने राजनच्या कमरेला मिठी मारली आणि अंगातलं सगळं बळ लावून त्यांना खाली ओढलं. कुणीतरी पलीकडून खेचत असल्यासारखा एक हिसका बसला. मग दोघं कार्पेटवर कोसळली, आणि हसणं थांबलं.

राजन आता बोलतात. डॉक्टर खूश आहेत, ईरा दर रविवारी येते. बेसमेंटच्या दाराला उमाने कुलूप घातलंय. खाली जाऊन त्या चित्रात पुन्हा डोकावायची तिची छाती होत नाही. आणि राजन खुर्चीतून उठण्याआधी हात पुढे करतात, उमाने तो घट्ट धरल्याशिवाय उभे राहत नाहीत.